मेजरांचं ॲव्हरेज

सुट्टीत घरी आलात की तुम्ही दोघं दारातूनच ओरडता, "आजी, हजर!" आणि परत जाताना गाडीची काच खाली करून म्हणता, "रवाना." हे तुम्हाला तुमच्या आईने शिकवलं. तिला कोणी शिकवलं ते तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही. आता सांगते. कारण मागच्या आठवड्यात फोनवर तू, थोरली, म्हणालीस की तुझ्या ऑफिसात वर्षभराच्या कामाचे शेरे लागले आणि तुला नुसतं 'ठीक' मिळालं. "जाऊ दे ना आजी, वाईट तर नाही म्हणाले," असं म्हणून तू विषय बदललास. फोन ठेवल्यावर मी भाजी चिरायला घेतली आणि बोट कापून घेतलं. राग तुझ्यावर नव्हता. हा राग फार जुना आहे, तुझ्या आईच्या शाळेच्या दिवसांपासूनचा.

मागच्या ज्या दोन खोल्यांत तुम्ही झोपता, तिथे अकरा वर्षं एक हवालदार राहत होते. पोलीस लाईनीतल्या घरांची छपरं गळायची, म्हणून बायको आणि मुलीला घेऊन ते आमच्याकडे भाड्याने आले. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत जी ठाणी आहेत त्यांतल्या एकात ते नोकरीला होते. कोणत्या, ते लिहीत नाही. साहेब बदलून जातात, इमारत तिथेच राहते, आणि इमारतीवर राग काढण्यात अर्थ नसतो.

सगळे त्यांना मेजर म्हणत. लष्कराशी त्याचा संबंध नाही. ठाण्यात रोज सकाळी हजेरी घेऊन कोणाला कोणतं काम ते वाटून देणारा जो हवालदार असतो, त्याला पोलीस 'हजेरी मेजर' म्हणतात. उंच, सडसडीत, आणि मिशी नसलेले. त्या काळात बिनमिशीचा हवालदार म्हणजे बिनशिंगाचा बैल. कोणी चिडवलं तर म्हणायचे, "मिशीला लोकं घाबरत्यात. घाबरला की मानूस खोटं बोलतो. मंग ते खोटं लिवायचं कुनी? मीच ना!"

घरातून पाऊल बाहेर टाकताना ते मोठ्याने म्हणायचे, "रवाना." आत येताना, "हजर." घरात कोणी असो नसो. एकदा त्यांची बायको माहेरी गेली होती, तेव्हा मी विचारलं, "मेजर, सांगता कोणाला?"

"घराला, बाई. उद्या काय झालं तर घर साक्षीदार."

खिशात दोन पेनं असायची. कोणी मागितलं तर टोपण काढून स्वतःजवळ ठेवायचे आणि नुसतं पेन द्यायचे. टोपणाशिवाय पेन कोणी खिशात घालत नाही, हा त्यांचा सिद्धांत. मला शिस्त आवडते हे तुम्हाला माहीत आहे. पण मेजरांची शिस्त बघून मीसुद्धा हात टेकले होते.

मला गोष्ट क्रमाने सांगायची सवय आहे. मेजरांच्या बाबतीत क्रम लावायला गेलं की सगळ्याच गोष्टी गवारीपासून सुरू होतात. म्हणून गवारीचं आधी सांगते.

ठाण्यात एक मोठं रजिस्टर असतं, स्टेशन डायरी. कोण कधी गेलं, कशासाठी गेलं, कधी परत आलं, सगळं त्यात लिहायचं. एका साहेबांच्या काळात शिपाई त्यांच्या बंगल्यावर घरकामाला जायचे. ते नवीन नव्हतं. डायरीत अशा वेळी 'गस्तकामी रवाना' असं लिहायची पद्धत होती. त्या दिवशी डायरी लिहायचं काम मेजरांकडे आलं. त्यांनी जे लिहिलं ते मला पाठ आहे, कारण त्यांनी ते मला तीनदा ऐकवलं होतं. "नऊ वाजून दहा मिनिटे. पोलीस शिपाई अमुक, मा. साहेबांचे निवासस्थानी गवारीच्या शेंगा मोडणेकामी रवाना. अकरा वाजून चाळीस मिनिटे. सदर शिपाई परत. शेंगा अंदाजे दोन किलो, पैकी निम्म्या जून."

साहेबांनी बोलावलं. "हे काय लिहिलंयस?"

"घडलं ते, सायेब."

"खोड ते आधी."

"डायरीत खाडाखोड चालत नाय, सायेब. खोडायचं तर खोडल्याची बी नोंद करावी लागंल. कुनाच्या हुकमानं खोडलं, ते बी."

नोंद तशीच राहिली. काही महिन्यांनी वार्षिक तपासणीला वरचे अधिकारी आले. त्यांनी डायरी चाळली, त्या पानावर थांबले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "काय हो, गवार खरंच निम्मी जून निघाली?" ठाणं हसलं. साहेबही हसले. मेजर तेवढे हसले नाहीत. घरी येऊन मला म्हणाले, "बाई, सायेब हसले तवा त्यांचे डोळे हसत नव्हते. हे हसू मला लई महाग पडनार." मी म्हटलं, "खरं लिहिल्याबद्दल कोण शिक्षा करील?" मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. फळ्यावर लिहिलेलं खरं असतं अशा जगातली मी.

आता चाकाचं. मेजरांच्या आधी ठाण्यात कामं तोंड बघून वाटली जायची. साहेबांच्या मर्जीतल्या माणसाला कोर्टाचं काम, सावलीतलं. नावडत्याला यात्रेचा बंदोबस्त, आठवडी बाजार, मोर्चे. मेजरांनी भंगारातून सायकलचं जुनं चाक आणलं, हजेरीच्या खोलीत भिंतीला ठोकलं आणि एकेका आऱ्याला पत्र्याची चकती बांधून त्यावर एकेकाचं नाव रंगवलं. चाकाभोवती भिंतीवर गोल लिहिलं: पहारा, कोर्ट, समन्स, बाजार, बंदोबस्त, सुट्टी. रोज सकाळी चाक एक घर पुढे सरकायचं. आपली चकती ज्या शब्दासमोर, ते आपलं काम. पहिली चकती मेजरांच्या स्वतःच्या नावाची होती. अदलाबदल करायची तर दोघांनी सही करायची, मग हरकत नसे. शब्बीर म्हणून एक शिपाई होता, तो लक्ष्मीपूजनाला पहाऱ्यावर उभा राहायचा आणि बदल्यात ईदचा दिवस घ्यायचा. तेही सहीनिशी.

मर्जीतले लोक चिडले. त्यांतला एक म्हणाला, "मेजर, आमचं जरा बघा की. साहेबांचा शब्द हाय."

"चाकाला सांग बाबा. चाकाला भाचा नसतो, मेव्हना नसतो. मला एक हाय, म्हनून तर मी चाक लावलं."

ठाण्यात सुनंदा नावाची एकच महिला शिपाई होती. बाई आरोपी असो की बाई फिर्यादी, बोलवा सुनंदाला. तिचं मूल लहान होतं, सासूकडे घोडेगावला असायचं. आठवड्याची सुट्टी कागदावर होती, तिला महिनोन् महिने मिळाली नव्हती. मेजरांनी तिचीही चकती चाकावर लावली. ती 'सुट्टी'समोर आली की शेजारच्या ठाण्याला पत्र पाठवून तिथली महिला शिपाई एका दिवसासाठी मागवायचे. साहेब म्हणाले, "सुट्टी हा काय हक्क आहे का, मेजर? ती सवलत आहे."

"मंग हजेरी बी सवलतच म्हना की, सायेब."

दुसऱ्या आठवड्यापासून सुनंदाला सुट्टी मिळू लागली. त्यानंतर ती एकदाही उशिरा आली नाही, एकदाही खोटं आजारपण काढलं नाही. तीच गोष्ट बाकीच्यांची. पूर्वी यात्रा आली की निम्म्या ठाण्याची कंबर धरायची. चाक आल्यावर कंबरा बऱ्या झाल्या. निष्ठेवर भाषणं देणाऱ्या साहेबांनी हे एकदा तरी बघायला हवं होतं. माणसं राबायला तयार असतात. आपल्या वाट्याचं ऊन दुसऱ्याच्या वाट्याला जात नाही ना, एवढंच त्यांना बघायचं असतं.

आता मेजरांना काय हवं होतं ते सांगते. त्यांना खांद्यावर एक तारा हवा होता. हवालदाराच्या वरची पायरी सहायक फौजदार, त्याला एक तारा असतो. पोलिसात सॅल्यूट ताऱ्याला करतात. हवालदाराला करत नाहीत. नवी पोरं आदराने मेजरांना सॅल्यूट ठोकायला गेली की ते हात धरून खाली करायचे. "तारा दिसतोय का कुठं? नाय ना? मंग हात खाली. नसलेल्या ताऱ्याला सलाम म्हंजे खोटी नोंद."

पण तारा त्यांना सलामासाठी नको होता. त्यांची आई निमगाव सावाला राहायची. ठेंगणी, तोंडाळ, कमालीची प्रेमळ. महिन्यातून एकदा बाजरीचं पीठ आणि शेंगा घेऊन एसटीने यायची आणि वाटेत अख्ख्या गाडीला सांगायची, "माझा ल्योक फौजदार हाय." गावात तर ती हे दहा वर्षं सांगत होती. मेजर तिला लोकांदेखत दुरुस्त करायचे.

"आये, हवालदार. हवालदार म्हन."

"आज न्हाई तर उद्या व्हनारच हाय ना? मी जरा आधी म्हनते, इतकंच."

"जवा व्हईन तवा म्हन."

"तवा मी असंन का?"

एकदा ती गेल्यावर मेजर आमच्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, "बाई, आमची आई गावभर खोटं सांगती. तिच्या तोंडाला आता कुलूप लागनार नाय. म्हंजे मलाच ते खरं करायला लागंल. ती हाय तवर."

नोकरीची चार-पाच वर्षं उरली होती. सेवाज्येष्ठतेने त्यांचा नंबर जवळ आला होता. हातात फक्त एक गोष्ट नव्हती. दरवर्षी ठाण्याचे साहेब प्रत्येकाविषयी एक गोपनीय अहवाल लिहून वर पाठवत, आणि त्या अहवालावर बढती ठरे. शेरा वाईट असला तर माणसाला कळवायचा, म्हणजे त्याला त्याविरुद्ध अर्ज करता येईल, असा तेव्हाचा रिवाज होता. वाईट नसला तर कळवत नसत.

इथे मला माझा भाग सांगायला हवा. मेजरांची मुलगी माझ्या वर्गात होती, आठवीत. गुणी मुलगी, पण इंग्रजीत जेमतेम. तिच्या प्रगतिपुस्तकात मी इंग्रजीपुढे लिहिलं होतं, ॲव्हरेज. शेरा इंग्रजीतच लिहायचा हा माझा हट्ट होता. मेजर ते पुस्तक घेऊन ओट्यावर आले. मुलीने वाचून दाखवलेल्या त्या शब्दावर बोट ठेवून म्हणाले, "बाई, हे ॲव्हरेज म्हंजे चांगलंच ना?"

मला शाळेला उशीर होत होता. मुलगी बापाच्या मागे उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "चांगलं आहे, चांगलं आहे."

"वाटलंच मला. आळेफाट्याचा मिस्तरी आमच्या मोटारसायकलीला हेच म्हनतो. मेजर, गाडी जुनी, पन ॲव्हरेज देती. थोड्या तेलात लांब पळती." मुलीच्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, "आमच्यावर गेली. तेल कमी, पळनं जास्त."

मी हसले आणि शाळेत गेले.

त्यानंतर तीनेक वर्षांनी एका दुपारी मेजर पेढे घेऊन आले. वरच्या कचेरीत त्यांच्या ओळखीचा एक कारकून होता. तो दरवर्षी शेरा कानात सांगायचा. बढतीला तीन वर्षांचे शेरे बघत, आणि आता तिसऱ्या वर्षीही मेजरांना तोच एक शब्द मिळाला होता. "ॲव्हरेज, बाई! गवारीचं इसरले म्हनायचं सायेब. मी उगंच त्यांच्याबद्दल वाईट बोललो. मधी दुसरे सायेब आले, त्यांनी बी तेच लिवलं, ॲव्हरेज. आता तारा आला म्हना."

तुमच्या आईने पेढा तोंडात टाकला होता. तिला अर्थ माहीत होता, माझीच मुलगी. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पेढा हातात धरून उभी राहिले.

मला चीड कशाची येते सांगू? पहिल्या साहेबांचा राग निदान खरा तरी होता, गवार त्यांची होती. दुसऱ्यांनी मेजरांना धड ओळखायच्या आत आधीच्याचा शब्द बघून उतरवून घेतला. शाळेत मुलं असं करतात तेव्हा मी त्यांना वर्गाबाहेर उभं करते. आणि शब्द तरी कसा निवडलेला! वाईट लिहिलं असतं तर मेजरांना कळवावं लागलं असतं, कारण द्यावं लागलं असतं. चांगलं लिहिलं असतं तर तारा द्यावा लागला असता. म्हणून हा मधला शब्द. माणूस मरतही नाही आणि ओरडतही नाही.

मी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी मेजरांना ओट्यावर बोलावलं, शब्दकोश उघडला आणि त्या शब्दावर बोट ठेवलं. "मेजर, याचा अर्थ चांगलं असा नाही. याचा अर्थ सामान्य. बेताचं. या शेऱ्यावर बढती मिळत नाही."

ते बराच वेळ त्या पानाकडे बघत होते. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण बघत होते.

"मंग पोरीच्या पुस्तकात?"

"तेच लिहिलं होतं."

"आन मला म्हनला चांगलं हाय."

"हो."

"मला तवाच कळलं असतं, तर मी तीन वर्सांत तीन अर्ज केले असते, बाई." त्यांनी शब्दकोश मिटला आणि दोन्ही हातांनी मला परत दिला. "तुमी बी सायेबच की."

ते उठून गेले. अकरा वर्षांत तेवढ्या एकदाच मेजर 'रवाना' न म्हणता गेले.

चार दिवसांनी ते परत आले, एका हातात कोरा कागद आणि दुसऱ्यात पेन, टोपणासकट. "अर्ज लिवून द्या. मराठीतच. शब्द मी सांगतो, शुद्धलेखन तुमचं." मी शुद्धलेखनाशिवाय त्यात काही बदललं नाही.

पोलिसात खालच्या माणसाला मोठ्या साहेबांसमोर उभं राहून गाऱ्हाणं सांगता येतं. त्याला ते 'ओआर'ला जाणं म्हणतात. मेजर पुण्याला ओआरला गेले. जाताना चाकाच्या वह्या घेऊन गेले. कोणी किती पहारे केले, किती यात्रा केल्या, किती सुट्ट्या घेतल्या, सगळ्या वर्षांचं त्यात होतं. तिथे काय झालं ते त्यांनी आल्यावर मला जसंच्या तसं सांगितलं.

मोठे साहेब म्हणाले, "तुमची तक्रार काय?"

"तक्रार नाय, सायेब. एक शंका हाय. ॲव्हरेज काढायला आधी बेरीज करावी लागती. चौथीच्या पोराला बी म्हायती हाय. माझं ॲव्हरेज काढलं, तर माझी बेरीज कुनी केली? माझी बेरीज ह्या वह्यांत हाय. ह्या कुनी मागितल्याच नाय."

मग शेजारच्या अधिकाऱ्याने नियम सांगितला. शेरा प्रतिकूल नाही, म्हणून कळवण्याचा प्रश्न नाही. कळवलेला नाही, म्हणून त्याविरुद्ध अर्ज करता येत नाही.

"म्हंजे वाईट नाय म्हनून सांगायचं नाय," मेजर म्हणाले, "आन चांगलं नाय म्हनून द्यायचं नाय."

"एक मिनिट," तो अधिकारी म्हणाला. "शेरा गोपनीय असतो. तुम्हाला कळला कसा?"

मुलांनो, इथे मी हे लिहिताना पेन खाली ठेवून एक फेरी मारून आले. तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाने आपल्या कामाची बेरीज मागितली, आणि त्यांनी त्याच्याकडेच खुलासा मागितला! सात दिवसांत लेखी द्या, गोपनीय माहिती कोणी पुरवली. मेजरांनी लेखी दिलं. एकच ओळ. "सदर इसमाचे नाव मला माहीत आहे व ते मी लिहिणार नाही." मी म्हटलं, "मेजर, 'आठवत नाही' असं लिहा. मिटून जाईल."

"खोटं लिवायचं नाय, बाई. आन नाव बी द्यायचं नाय. दोन्ही जमवायचं तर एवढंच लिवता येतं."

त्या ओळीबद्दल त्यांना सक्त ताकीद मिळाली. ती मात्र लगेच कळवण्यात आली, शिक्क्यासकट. त्यांच्यामागून आलेले तिघे फौजदार झाले. मेजर रोज सकाळी चाक एक घर पुढे सरकवत राहिले. मी एकदा चिडून म्हटलं, "आता तरी सोडा ते चाक. कशाला जीव काढता यांच्यासाठी?"

"यांच्यासाठी कुठं? पोरांसाठी. माझ्यावर अन्याव झाला म्हनून मी सुनंदाची सुट्टी खाऊ?"

मी मात्र त्या वर्षापासून एकाही मुलाच्या पुस्तकात तो शब्द लिहिला नाही. प्रत्येकाला दोन ओळी मराठीत, काय येतं आणि काय येत नाही. मुख्याध्यापक म्हणाले, वेळ फार जातो. मी म्हटलं, जाऊ दे.

मेजरांच्या नोकरीचा शेवटचा दिवस महिनाअखेरचा होता आणि नेमकी त्याच दिवशी चतुर्थी आली. ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला गर्दी, आजूबाजूच्या सगळ्या ठाण्यांतून बंदोबस्त जायचा. आणि चाकावर मेजरांची चकती 'बंदोबस्त'समोर आली. पोरं म्हणाली, मेजर, आजच्या दिवस चाक एक घर जास्त सरकवू, कोणाला कळतंय. "मला कळतंय की," म्हणाले आणि टोपी घालून ओझरला पार्किंगच्या ड्युटीवर गेले. दुपारी तीन वाजता त्यांना बदली पाठवायची आणि चार वाजता ठाण्यात निरोप समारंभ, असं नव्या साहेबांनी ठरवलं होतं. बदली म्हणजे जागा घ्यायला येणारा दुसरा शिपाई. तो समोर येऊन 'बदली हजर' म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही, हा मेजरांनी पोरांना शिकवलेला पहिला धडा.

मी, तुमचे आजोबा, मेजरांची बायको आणि निमगाव सावाहून आणलेली त्यांची आई, आम्ही भाड्याची जीप करून चारला ठाण्यात जाऊन बसलो. आईने नवं लुगडं नेसलं होतं. मांडव होता, हार होते, खुर्चीवर शाल होती. खुर्चीत मेजर नव्हते. साडेचार झाले. साहेबांना पुढे बैठक होती, म्हणून त्यांनी भाषण सुरू केलं. रिकाम्या खुर्चीकडे हात करून म्हणाले, "असा कर्तव्यदक्ष, असा उत्कृष्ट कर्मचारी पुन्हा होणे नाही."

शेजारी सुनंदा साडीत बसली होती, तिची सुट्टी होती. मी हळूच विचारलं, "मेजर कुठे आहेत?"

"ओझरलाच. बदली गेली नाय त्यांना."

"का?"

तिने हनुवटीने हार धरून उभ्या असलेल्या शिपायाकडे दाखवलं. "त्याला जायचं होतं तीनला. सायेबांनी त्याला हार आणायला आळेफाट्याला पाठवलं."

मी उठले. भाषण चालू असताना उठणं माझ्या स्वभावात नाही. म्हटलं, "साहेब, ज्यांच्यासाठी हार आणलेत ते ओझरला उन्हात उभे आहेत. त्यांची बदली हार आणायला गेली होती. आणि 'उत्कृष्ट' हा शब्द तुमच्या खात्याला आज सापडला. खुर्चीला सांगून उपयोग नाही, कागदावर लिहायचा होता."

साहेब चांगला माणूस असावा, तो ओशाळला. "मॅडम, आत्ता निरोप देतो. निघून या म्हणून सांगतो."

"निरोपावर नाय यायचे ते, सर," सुनंदा म्हणाली. "बदली समोर उभी राहावी लागती." ती उठून लाईनीत गेली आणि दहा मिनिटांत वर्दी चढवून आली.

"अगं, आज तुझी सुट्टी ना?"

"हाय ना, बाई. ही सुट्टी मला मिळवून कुनी दिली?"

आम्ही तिला आमच्याच जीपमध्ये घेतलं आणि सगळे ओझरला गेलो. ऊन उतरायला आलं होतं. गाड्यांच्या गर्दीत मेजर तोंडात शिट्टी धरून एका टेम्पोला मागे घेत होते. गुडघ्यापर्यंत धूळ, ओठ कोरडे. सुनंदा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, टाचा जुळवल्या आणि खाडकन सॅल्यूट ठोकला.

"पार्किंग बंदोबस्त, बदली हजर, मेजर!"

मेजरांचा हात तिचा हात खाली करायला अर्धा वर आला. तिथेच थांबला. ते तिच्याकडे बघत राहिले आणि ती हात खाली घेईना. शेवटी त्यांनी तोच हात कपाळाला नेला आणि तिचा सॅल्यूट घेतला. मग शिट्टी पुसून तिच्या हातात दिली. "त्या निळ्या टेम्पोकडं ध्यान ठेव. ब्रेक कच्चा हाय त्याचा."

जीपजवळ दर्शनाहून परतणारी माणसं थांबली होती. मेजरांची आई पदर सावरून त्यांना मोठ्याने सांगत होती, "बगितलं का? फौजदाराला असा सलाम करत्यात. माझा ल्योक हाय त्यो."

मेजरांनी ते ऐकलं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी तोंड उघडलं. आये, हवालदार. हवालदार म्हन. दहा वर्षं ऐकलेलं ते वाक्य आता येणार म्हणून मी वाट पाहत होते.

"चल आये," ते म्हणाले, "उन्हात उभी राहू नको."

थोरले, सोमवारी ऑफिसात जाशील तेव्हा साहेबासमोर उभी राहा आणि शांतपणे तुझी बेरीज माग. नाहीच दिली, तर मला फोन कर. कधीही कर. मी हजर आहे.